नांदेडपर्यंतची मांडी

टक् असा आवाज झाला आणि गाडीच्या पोटातून लक्ष्मम्मा म्हणाल्या, "बसलं. हिरवं आलं बघा." उंबऱ्यात उभ्या असलेल्या शिवकांताबाईंना तो आवाज नको तितका स्वच्छ ऐकू आला. गल्लीत आणखी कितीतरी आवाज होते. समोरच्यांच्या दारात रिकामे ड्रम एकावर एक रचले जात होते, कोणाचा तरी मिक्सर चालू होता, पण त्यांच्या कानात एवढाच आवाज शिरला आणि आतच राहिला. लाल गाडीला दोनच दारं. मागं जायचं तर पुढची खुर्ची वाकवायची आणि अंग चोरून आत घुसायचं. लक्ष्मम्मा तशा घुसल्या होत्या, आणि बाहेर त्यांचे फक्त दोन पाय दिसत होते, जोडव्यांसकट. शिवकांताबाईंची विहीण, साठीची बाई, उदगीरची, अंगानं भरलेली, अंगठ्याशिवाय कागदावर सही न करणारी; आणि ती त्या बाळाच्या सीटवर गुडघा रोवून, सगळं वजन टाकून, दोन्ही हातांनी सीट गदागदा हलवून बघत होती. सीट जागची हलली नाही. वीरभद्र बाजूला उभा राहून मान डोलावत होता, शाळेतल्या मास्तरानं हुशार पोराकडं बघावं तसा. शिवकांताबाईंच्या मनात आलं, माझ्या मुलानं माझ्याकडं असं कधी बघितलं होतं. आठवेना. आठवलं असतं तर कदाचित पुढचं काही झालं नसतं.

बाळाची आणि थोरल्या चन्नीची, अशा दोन्ही सीटा कालच गाडीतून काढल्या होत्या, त्याही पाण्यासाठी. चैत्र संपत आला होता आणि लातुरात माणसं एकमेकांना कसं काय विचारण्याऐवजी टँकर आला का विचारत होती. रेल्वेनं पाणी यायला लागल्याचं सगळ्या देशानं बघितलं होतं, गल्लीत मात्र आठवड्यातून एकदा टँकर, तोही कधी येईल नेम नाही. घरात पाहुणे, त्यात दहा महिन्यांचं लेकरू. मग वीरभद्रनं मागच्या दोन्ही सीटा काढून ओट्यावर ठेवल्या आणि हैदराबादेत ज्या गाडीकडं लोक वळून बघतात तिच्यात पाण्याचे जार भरून आणले, दोन खेपा. वीरभद्रचे वडील मलप्पा ओट्यावर बसून हसत होते. त्यांचं भांड्यांचं दुकान. त्या उन्हाळ्यात स्टीलला कोणी हात लावत नव्हतं आणि प्लास्टिकचे ड्रम पुरत नव्हते. "काय गाडी हाय," ते म्हणाले होते, "बसायला दोघं, आवाज दहाजणांचा, आन काम भिस्तीचं." गाडी धुळीनं मातकट झाली होती. ती धुवायची गोष्ट वीरभद्रनं काढलीसुद्धा नाही. गाडी धुणाऱ्याला त्या महिन्यात गल्लीनं उभं जाळलं असतं.

गाडीची हकीकत शिवकांताबाईंनी तीनदा ऐकली होती, तिन्ही वेळा लक्ष्मम्मांच्या तोंडून. वीरभद्रला लहानपणापासून असल्या गाडीचा नाद. कॉलेजात असताना खोलीत चित्रं लावलेली. धाकट्याच्या जन्मानंतर एकानं वापरलेली गाडी विकायला काढली तेव्हा त्यानं हट्टच धरला. अंबिका नवऱ्यावर ओरडली नाही, रुसली नाही. ती म्हणाली, दोन्ही लेकरांच्या सीटा घेऊन जाऊ, त्या बसल्या तर गाडी घेऊ. आणि सगळी वरात तिथं गेली. बाळाची सीट मागं तोंड करून बसवायची, तिला जागा जास्त लागते, म्हणून पुढची खुर्ची पार पुढं सरकवावी लागली. चन्नीची सीट दुसऱ्या बाजूला. मग कोणीतरी पुढं बसून गुडघे कुठं टेकतात ते बघायला पाहिजे होतं. "मग मलाच बसिवलं," लक्ष्मम्मा सांगत. "मी म्हणलं, बसतंय, साकु, साकु, बास झालं, घ्या आता." म्हणजे गाडी कोणाच्या गुडघ्यांवरून ठरली, तर लक्ष्मम्मांच्या. शिवकांताबाईंना ही हकीकत ऐकताना हसावं लागायचं. 

बाळंतपण माहेरचं, हे त्यांनाही मान्य होतं. रीतच ती. पण रीत चार-पाच महिन्यांची असते. त्यानंतर लक्ष्मम्मा मुलीबरोबर हैदराबादला गेल्या आणि तिथंच राहिल्या. शिवकांताबाईंचं जायचं दिवाळीपासून चाललं होतं. पिशवी दोनदा भरली. पहिल्यांदा नळाची पाळी आली. दुसऱ्यांदा नळच बंद झाला आणि टँकर सुरू झाला. मलप्पा दुकानात, घरात दुसरं कोणी नाही, टँकर दारावरून तसाच पुढं गेला तर आठ दिवस काय करायचं? माणसाला दुष्काळानं शेतातून उठवलं हे सगळ्यांना समजतं; त्यांना दुष्काळानं ड्रमापाशी बांधून ठेवलं आणि त्या बांधलेल्या दिवसांत नातू मोठा झाला, हे कोणाला सांगणार. फोनवर तो दिसायचा. त्याच्यामागं लक्ष्मम्मांचा हात दिसायचा, हिरव्या बांगड्यांचा. पहिला दात दिसला तेव्हा तो दाखवायला ओठ बाजूला करणारं बोटही लक्ष्मम्मांचंच होतं. आता लातुरात आल्यापासून तो शिवकांताबाईंकडं यायचा, दोन मिनिटं बसायचा, आणि मग मान फिरवून त्या बांगड्या कुठं आहेत ते शोधायचा. त्या वेळी लक्ष्मम्मा मुद्दाम आत निघून जायच्या. हे जास्त झोंबायचं. त्यांनी हिसकावून घेतला असता तर भांडता तरी आलं असतं.

बाईला कशाकशाचा हेवा वाटावा याला काही धरबंध नव्हता. आल्या दिवशी जेवताना लक्ष्मम्मा सहज म्हणाल्या, "आमचं उदगीर पन जिल्हा व्हायलंय म्हनं." मलप्पा म्हणाले, होऊ द्या, आमचं ओझं तेवढंच कमी. पण शिवकांताबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला. लातूर जिल्हा झाला त्या वर्षी त्या या घरात नव्या होत्या. सगळं गाव कचेरीवरची नवी पाटी बघायला गेलं होतं, रंग अजून वाळला नव्हता, आणि मुरुडहून आलेल्या नव्या सुनेला वाटलं होतं की हे सगळं आपल्यासाठीच चाललंय, आपण जिल्ह्याच्या गावाला दिलेली मुलगी. आता तेही लक्ष्मम्मांना मिळणार. शिवकांताबाईंना स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून लक्ष्मम्मांचा जास्तच राग आला.

एक गोष्ट मात्र त्यांची होती. बाळाचं लिंगधारण लातुरात, या घरात, त्यांच्या हातानं झालं होतं. खरं तर ते जन्मल्यावर लगेच व्हायचं, पण उदगीर, मग हैदराबाद, असं करत राहून गेलं होतं. परवा घरचे जंगम, लिंगायतांचे पुरोहित, आले, बाळाला मांडीवर घेऊन शिवकांताबाई पाटावर बसल्या, आणि लिंग गळ्यात बांधलं. त्यासाठी चांदीचा चौका, म्हणजे लिंग ठेवायची डबी, त्यांनी स्वतःच्या चाळांची चांदी मोडून घडवून घेतला होता, सुपारीपेक्षा जरासा मोठा, कडेला बारीक बेलाची पानं. बाळ रडलं नाही. पूर्ण अर्धा तास ते त्यांच्या मांडीवर बसून तो चौका तोंडात घालायचा प्रयत्न करत होतं, आणि त्या अर्ध्या तासात त्यानं एकदाही मान फिरवून कोणाला शोधलं नाही. नाव पणजोबांचं ठेवलेलं, शंकरप्पा. त्या दिवशी शिवकांताबाई रात्रीचं जेवल्या नाहीत, भूकच लागली नाही.

दुसऱ्या दिवशी अंबिका नांदेडला निघाली. तिची पीएचडीची तोंडी परीक्षा विद्यापीठात होती. ती भावाबरोबर बसनं पुढं जाणार, एक दिवस मैत्रिणीकडं अभ्यास करणार, आणि वीरभद्र लेकरांना घेऊन मागून येणार. मग तिथूनच सगळे हैदराबादला. निघताना तिनं बाळाच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, बाटली, वरण-भात, औषध, आणि शेवटी सासूला म्हणाली, "आई, एक ऱ्हायलं. सीटमध्ये बसवताना तेवढा चौका काढून ठेवायचा. पट्ट्याखाली कडक वस्तू नको. गाडी जोरात थांबली तर तीच छातीत घुसती. आन गळ्यात दोरा तर नकोच. त्याची रेशमी पिशवी हाय ना, तिच्यात घालून उशाला बांधायचा, उतरलं की परत गळ्यात." शिवकांताबाई म्हणाल्या, "अंगावरून काढत न्हाईत ते." त्या हे रागानं बोलल्या नाहीत. जगात पाणी खाली वाहतं तसं त्यांनी ते सांगितलं. अंबिका काही बोलायच्या आत लक्ष्मम्मा म्हणाल्या, "लेकराच्या जिवापरास काय? शिवाला समजतंय. काढून ठिऊ." एवढंच. ज्या घरात लक्ष्मम्मा पाहुण्या, तिथला धर्मही त्यांनी तीन वाक्यांत सोपा करून टाकला. आणि वाईट हे की त्यांचं म्हणणं खरं वाटत होतं.

तरी आजचे तीन तास शिल्लक होते. अंबिका पुढं गेली म्हणजे गाडीत वीरभद्रच्या शेजारची जागा मोकळी. लेकरांकडं बघायला कोणीतरी मोठं माणूस पाहिजे. नांदेडपर्यंत जायचं, अंबिकेच्या हाती लेकरं द्यायची आणि बसनं परत यायचं. हे कोणी बोललं नव्हतं, पण शिवकांताबाई सकाळीच निळी इरकली साडी नेसल्या होत्या, परतीला लागेल म्हणून पाण्याची बाटली भरली होती, आणि शेजारणीला सांगितलं होतं की टँकर आला तर आमचं एवढं भरून घे. त्यांनी मनात तीन तास मोजून घेतले होते. चाकूर, अहमदपूर, लोहा. बाळ मागं बसलेलं असणार, त्याचं तोंडही मागच्या काचेकडं. पण रडलं की मागं हात घालायचा, डोकं कुरवाळायचं. बाळाच्या डोक्यावर हात ठेवून तीन तास. त्यांचं मागणं काही फार नव्हतं.

"झालं," वीरभद्र हात पुसत सासूला म्हणाला. चन्नी आधीच तिच्या सीटवर चढून बसली होती आणि स्वतःचा पट्टा स्वतः लावून दाखवत होती. "मामी, तुम्ही पुढं बसा मग. आई, शंकरप्पाला आणतीस का?"

शिवकांताबाई जागच्या हलल्या नाहीत. "मामी यायल्यात?"

"त्यांना पट्ट्याचं सगळं माहीत हाय ना. मधी थांबून दूध पाजायचं म्हणलं की काढायचं, परत बसवायचं. मला एकट्याला जमत न्हाई ते. त्याला मामीच लागतात, आई." शेवटचं वाक्य तो हसून बोलला. त्यात काही वाईट नव्हतं. मग त्याचं लक्ष आईच्या अंगावरच्या इरकलीकडं गेलं आणि त्याचं हसू थोडं ओशाळलं. "तू कुठं निघालीस का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कुठं जातीय मी."

लक्ष्मम्मांनी ते बघितलं. त्या गाडीतून बाहेर येत होत्या, घामानं चिंब, केस विस्कटलेले, आणि त्यांनी इरकली बघितली आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुम्ही जावा की. मी शिकवते, दोन मिंटाचं काम हाय." शिकवते. शिवकांताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या मुलाला त्यांनी नऊ महिने पोटात आणि दोन वर्षं कडेवर वागवलं, त्याचं लेकरू कसं बसवायचं हे आता उदगीरच्या बाईनं शिकवायचं. "मला टँकर बघायचाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत शंकरप्पा पाय वर करून स्वतःचा अंगठा धरत लोळत होता. चौका त्याच्या छातीवर बाजूला सरकला होता. शिवकांताबाईंनी तो काढला, रेशमी पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड ओढलं. धुतलेलं झबलं चढवलं, जाडसर, काठाला टाके घातलेलं, त्यांनीच शिवलेलं. बाळ त्यांच्याकडं बघून हसलं. मग त्यांनी पिशवी पुन्हा उघडली. हे का केलं ते त्यांनी स्वतःला लगेच सांगून टाकलं: लिंग अंगावरून उतरवत नाहीत, माझ्या सासूनं उतरवलं नाही, मी उतरवलं नाही, रस्त्यात काय कमी भय असतं, शिव छातीवर असला की बरं. सगळं खरं होतं. पण त्या खऱ्याच्या खाली आणखी एक होतं, आणि त्यांची बोटं त्यानं चालत होती. नांदेडपर्यंत त्या बाईनं कितीही टक् टक् करावं, त्याच्या छातीला जे लागून असेल ते माझं असेल. त्यांनी दोरा मानेमागं घेतला, दुहेरी निरगाठ मारली, झबलं खाली ओढलं, वरून हात फिरवला. कळत नव्हतं. रिकामी पिशवी त्यांनी कनवटीला खोचली.

लक्ष्मम्मांनी बाळ घेतलं आणि पुन्हा वाकून आत शिरल्या. एक हात या पट्ट्यातून, एक त्या पट्ट्यातून, पायांच्या मधला भाग वर, टक्. मग समोरची दोरी ओढून पट्टे आवळायचे. लक्ष्मम्मांनी ओढलं, थांबल्या, पट्ट्याखाली बोट घालून बघितलं, पुन्हा ओढलं. "आज कमी पडायलाय जरा," त्या म्हणाल्या. "खाली काय हाय का, विहीणबाई?"

शिवकांताबाई दाराशी उभ्या होत्या. वीरभद्र पुढं आरसा नीट करत होता. चन्नी काहीतरी गात होती. इतक्या सोप्या प्रश्नाला इतकं सोपं उत्तर असतं की ते देताना विचार करावा लागत नाही, आणि त्यांनी केलाही नाही. "न्हाई," त्या म्हणाल्या. "झबलं जाड हाय."

"हां, मग असंल." लक्ष्मम्मांनी दोरी थोडी सैल केली. त्यांनी शब्दावर भरवसा ठेवला, कारण दुसऱ्या आजीनं सांगितलं होतं. त्यांनी झबलं वर करून बघितलं असतं तर शिवकांताबाईंना अपमान वाटला असता. त्यांनी बघितलं नाही, याचं त्या क्षणी बरं वाटलं. मग खुर्ची सरळ झाली, लक्ष्मम्मा गुडघे जवळ घेऊन पुढं बसल्या, गाडीनं दहाजणांचा आवाज केला आणि गल्लीच्या तोंडाशी धूळ तेवढी राहिली. मलप्पा म्हणाले, "गेला भिस्ती," आणि दुकानाला निघून गेले.

ओट्यावर दोन चौकोनी डाग होते, सीटा ठेवल्या होत्या तिथं धूळ बसली नव्हती. शिवकांताबाई त्यांच्याशेजारी बसल्या. इरकली बदलायला पाहिजे होती. त्या बदलायला उठल्या नाहीत. आधी त्यांना समाधान वाटलं, आणि ते किती वेळ पुरतंय ते त्या बघत राहिल्या. लिंग लेकराच्या अंगावर आहे, रीत मोडली नाही, आणि हे त्या सगळ्या शहाण्यांना माहीत नाही. गाडी आता शहराबाहेर पडली असेल. लक्ष्मम्मा मागं हात घालत असतील, डोकं कुरवाळत असतील. डोकं त्यांचं, छाती माझी. असा हिशेब करणारी बाई कोणती, असं कोणीतरी विचारलं, आणि विचारणारं बाहेरचं कोणी नव्हतं. सुपारीपेक्षा जरासा मोठा. कडेला बेलाची पानं, पानांना टोकं. ती टोकं त्यांनीच सोनाराला मुद्दाम ठसठशीत काढायला सांगितली होती. पट्टा सैल, कारण त्याच्याखाली चौका; आणि चौक्याखाली दहा महिन्यांच्या लेकराचं हाड, जे हाड म्हणण्याइतकंही झालेलं नसतं. अंबिका काय म्हणाली होती? जोरात थांबली तर. गाडी जोरात थांबते म्हणजे काय होतं, हे शिवकांताबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती.

वीरभद्र तेव्हा एवढाच होता, दहा-अकरा महिन्यांचा. मुरुडहून लातूरला त्या एका ओळखीच्या टेंपोत पुढं बसून येत होत्या, लेकरू मांडीवर. मुरुडच्या फाट्यापुढं म्हैस आडवी आली. त्यांनी लेकराला धरलेलं होतं, घट्ट, दोन्ही हातांनी. हे त्या शपथेवर सांगू शकल्या असत्या. तरी ते मांडीवरून सुटलं. हातातून सुटलं हे कळायच्या आत ते पुढच्या लोखंडी दांडीवर होतं, आणि भुवईवरून रक्त. घरी आल्यावर सासूला त्यांनी सांगितलं, झोळीतून पडला. नवऱ्यालाही तेच. पुढं वीरभद्रनं आरशात व्रण बघून विचारलं तेव्हा त्यालाही, झोळीतून. इतक्यांदा सांगितलं की त्यांना स्वतःला ती झोळी दिसायला लागली, तिचा लाल कापडाचा रंगसुद्धा. आणि त्याच तोंडानं त्या तीस वर्षं गल्लीतल्या सुनांना सांगत आल्या होत्या की आईच्या मांडीएवढी भक्कम जागा जगात नाही. काल अंबिकेनं सीटचं सांगितलं तेव्हा त्यांना ज्याचा राग आला ती सीट नव्हतीच. त्या प्लास्टिकच्या वस्तूला पट्टे होते, आकडे होते, हिरवी खूण होती. मांडीला यातलं काही नसतं. मांडीला नुसती माया असते, आणि त्या दिवशी मुरुडच्या फाट्यावर ती पुरली नव्हती. हे त्यांना माहीत होतं. सगळ्या जगात फक्त त्यांनाच माहीत होतं.

त्या उठल्या. फोन आत भिंतीतल्या देवळीत होता. वीरभद्र गाडी चालवताना फोन घेत नाही, घेऊही नये. म्हणजे लक्ष्मम्मांना करायचा. त्यांचा नंबर फोनमध्ये होता, पण शिवकांताबाईंनी आजवर स्वतःहून तो कधी लावला नव्हता. नेहमी तिकडून यायचा. आणि लक्ष्मम्मांना कानानं कमी ऐकू येतं, त्या फोन हातात समोर धरून मोठा आवाज लावूनच बोलतात, म्हणजे जे बोलायचं ते मुलाच्या कानावर जाणारच. शिवकांताबाईंनी हे सगळं एका दमात बघितलं, जसं विहिरीत वाकून बघावं तसं. अर्धा तास झाला होता. नांदेडला पोहोचायला अजून अडीच तास. लाखो गाड्या जोरात न थांबताच पोहोचतात. अंबिका तिथं पट्टा काढेल, चौका बघेल, आई काढायला विसरल्या म्हणेल, झालं. बोट नंबरावर होतं. एखादी म्हैस कुठं उभी आहे हे कोणाला माहीत असतं.

"हां, बोला विहीणबाई." गाडीचा आवाज, चन्नीचं गाणं.

"शंकरप्पा काय करायलाय?"

"झोपला की. चाकूर यायलंय आता."

"गाडी थांबवायला सांगा. कडंला. हळूच."

गाणं थांबलं. वीरभद्र काहीतरी म्हणाला. मग गाडीचा आवाज उतरला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज मोठा झाला. "काय झालं?" लक्ष्मम्मांनी विचारलं.

"त्याच्या गळ्यात चौका हाय. झबल्याखाली."

 मग लक्ष्मम्मा म्हणाल्या, अगदी सहज, जणू बाटलीचं झाकण राहिलं असावं तशा, "अय्यो, ऱ्हाऊन गेला असंल. घाईत व्हतंय असं. मी काढते."

सुटायला दार उघडं होतं. नुसतं 'हाव, ऱ्हायला' म्हणायचं होतं. लक्ष्मम्मांना समजलं होतं, त्यांनी मघाशी स्वतः विचारलेलं त्या काय विसरल्या नव्हत्या. तरी त्यांनी ते दार उघडून धरलं होतं, मुलाच्या देखत. शिवकांताबाईंना त्या क्षणी लक्ष्मम्मांचा जितका हेवा वाटला तितका आजवर कधी वाटला नव्हता. सीट येते, पट्टा येतो, लेकरू कळतं, आणि आता हेही येतं. या दारातून आत गेलं की पुन्हा एक झोळी, पुन्हा एक लाल कापड, आणि उरलेलं आयुष्य या बाईच्या उपकाराखाली.

"ऱ्हाऊन गेला न्हाई," त्या म्हणाल्या. "मी बांधला. तुम्ही विचारलं तवा मी न्हाई म्हणाले."

ट्रक गेला. दुसरा गेला. मग वीरभद्रचा आवाज, जवळून. "आई, मामींनी विचारलं तवा तुला माहीत व्हतं?"

"हाव."

 त्यानं ओरडावं म्हणून त्या थांबल्या. दार उघडल्याचा आवाज आला, खुर्ची वाकवल्याचा, बाळ झोपेत कुरकुरल्याचा. मग तो म्हणाला, "गाठ सुटंना."

"दुहेरी हाय. काप."

"दोरा कापू?"

"काप म्हणते ना."

पुन्हा कुरकुर, लक्ष्मम्मांचं कानडीतलं पुटपुटणं. मग त्याच म्हणाल्या, "निघाला. लेकरू ठीक हाय. पिशवी कुठाय, विहीणबाई? उशाला बांधते."

शिवकांताबाईंचा हात कनवटीला गेला. "पिशवी इथंच हाय."

"मग ह्याला कुठं ठिऊ? खाली तर ठेवत न्हाईत." त्या खरोखर विचारत होत्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जड गेलं. "तुमच्या घरचं हाय. तुम्ही सांगा."

गल्लीच्या टोकाला टँकरचा हॉर्न वाजला आणि बाया घागरी घेऊन पळाल्या. शेजारीण दारातून ओरडली, मावशी, आला. शिवकांताबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मांडीवर घ्या," त्या म्हणाल्या. "पदरात गुंडाळून. नांदेडपर्यंत खाली ठेवू नका."

"हां," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "घेतलं."

वीरभद्रनं फोन बंद केला, पोचल्यावर करतो असं न म्हणता. शिवकांताबाईंनी इरकलीचा पदर खोचला आणि त्या ड्रमाकडं गेल्या. या घरातलं जे एक मांडीवर बसून नांदेडला जाणार होतं ते लिंग आता लक्ष्मम्मांच्या मांडीवर होतं, आणि ते शिवकांताबाईंनीच तिथं ठेवलं होतं. हेवा कमी झाला नव्हता. पाइप ड्रममध्ये सोडून त्या उभ्या राहिल्या आणि पाणी भरेपर्यंत त्यांना चाकूरच्या पुढचा रस्ता दिसत राहिला.